मॅक्सच्या आधी हाय

सर्व्हरवर निम्मी मेमरी मोकळी आहे, तरी रात्री डेटाबेस मारला जातो. हे कसं? तर लिनक्स कर्नल सबंध मशीनचा हिशेब ठेवतो, तसाच प्रोसेसच्या एकेका गटाचाही ठेवतो. या गटाला म्हणतात सीग्रुप. मेमरीचा हा हिशेब कर्नलच्या २.६.२५ आवृत्तीत, २००८ साली आला. कंटेनरला मेमरीची मर्यादा घालतो ती याच्याच जोरावर.

आज आपण सीग्रुपची दुसरी आवृत्ती धरून चालू. 'मेमरी डॉट मॅक्स' या फाइलमध्ये समजा ५१२ एम लिहिलं. गट तिथे पोचला, की कर्नल आधी त्याच्याच खात्यातली पानं मोकळी करून बघतो. नाहीच जमलं तर ओओएम किलर येतो आणि गटातली एखादी प्रोसेस संपवतो. शेजारचे गट सुखरूप.

आता गंमत बघा. वाचलेल्या फाइलींची पेज कॅशही याच खात्यात धरतात. त्यामुळे आकडा मर्यादेला टेकला की लोक घाबरतात. उगाच! ही कॅश बहुतेक वेळा सहज सोडता येते. (लिहिलेली पानं आधी डिस्कवर जावी लागतात, तिथे वेळ जातो.)

मला विचाराल तर नुसत्या मॅक्सवर विसंबू नका. 'मेमरी डॉट हाय' त्याच्या थोडी खाली ठेवा. ती ओलांडली तर कर्नल गटाला पानं सोडायला लावतो, त्याचा वेग कमी करतो. पण त्यापायी कुणाला मारत नाही. तेवढ्यात 'मेमरी डॉट प्रेशर' उघडा. मेमरीसाठी प्रोसेस किती वेळ ताटकळल्या, ते तिथे दिसतं.