कविता आधी कानांस, मग वहीस

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात वाडी येथे दिलेले भाषण)



माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकविणे हा आमचा व्यवसाय. तेव्हा दुसऱ्याच्या पिकाची वाखाणणी करण्यापेक्षा आपल्याच वावरातील तण आपणांपुढे मांडावे, हे बरे.

अमरावती मार्गावरील ही आपली वाडी. वखारी, मालमोटारी आणि कारखान्यांच्या पाळ्या यांवर येथील अनेकांचे संसार चालतात. बहुतेक घरी इंग्रजी बोलणारे कोणी नाही. म्हणून त्या विषयात मूल उत्तीर्ण झाले की गंगेत घोडे न्हाले, असे पालकांस वाटते. आणि खरे सांगावयाचे तर आम्हां शिक्षकांसही तेच वाटत आले.

2018 साली आलेल्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात शेक्सपिअरचा एक प्रसिद्ध उतारा घेतला गेला. जग ही रंगभूमी, आणि माणूस हा सात वयांची सात सोंगे घेणारा नट, असा त्याचा आशय. आम्ही त्याचा मराठी अर्थ फळ्यावर लिहून देत असू; मुले तो वहीत उतरवीत, गाईडमधील रसग्रहण पाठ करीत आणि गुण मिळवीत. एके दिवशी वर्गातील एका हुशार मुलीस आम्ही विचारले, "हे बोलतो कोण, आणि कोणापुढे?" ती खाली मान घालून उभी राहिली. तिच्या उत्तरपत्रिकेतील रसग्रहण निर्दोष होते. दोष आमचा होता. रंगभूमीवरचे भाषण आम्ही पंचनाम्यासारखे वाचून दाखविले होते.

हे भाषण 'ॲज यू लाइक इट' या नाटकाच्या दुसऱ्या अंकातील आहे. राज्य गमावलेला एक सरदार रानात आपल्या सोबत्यांसह भोजनास बसला आहे. इतक्यात ऑर्लँडो नावाचा तरुण तलवार उपसून अन्न मागतो. तो भुकेला आहे, परंतु त्याचा वृद्ध सेवक ॲडम भुकेने अधिक व्याकूळ झाला आहे. म्हातारा जेवल्यावाचून आपण घास घेणार नाही, असे सांगून तो त्यास आणावयास जातो. तो परत येईपर्यंतच्या अवधीत जेक्विस नावाचा उदास गृहस्थ हे सात वयांचे भाषण करतो. दात, दृष्टी, रुची सारे गेलेले म्हातारपण वर्णून तो थांबतो, आणि त्याच क्षणी ऑर्लँडो त्या म्हाताऱ्यास उचलून घेऊन प्रवेश करतो! म्हातारपणी काहीच उरत नाही, असे शब्द म्हणतात. आणि समोरचे दृश्य म्हणते, उचलून घेणारा कोणी असेल तर पुष्कळ उरते. पुस्तकातील उतारा मात्र या प्रवेशापूर्वीच संपतो.

त्यानंतर आम्ही क्रम पालटला. अर्थ नंतर, आवाज आधी. मुलांस अभंग ठाऊक असतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे येतात, हे त्यांस बोटांवर मोजता येते. त्याच बोटांवर आम्ही इंग्रजी ओळ मोजविली. तेथे साधारणतः दहा अवयव आणि त्यांत पाच आघात. बाकावर ठेका धरून वर्गाने ओळी म्हटल्या. यमक नसूनही लय कशी राहते, हे न सांगता कळले. मग सात मुलांनी सात वये उभी केली. आपल्यापैकी कित्येकांनी झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्ररात्र चालणारी नाटके पाहिली आहेत. तशा घरातील एका अबोल मुलाने म्हातारा असा वठविला की वर्ग स्तब्ध झाला. शेवटी तीच हुशार मुलगी उठून म्हणाली, "सर, या सात वयांत बाई कुठेच नाही." गाईडमध्ये हा प्रश्न नव्हता. त्या दिवशी तिने कविता खऱ्या अर्थाने वाचली, असे आम्ही समजतो.

हे सारे आपले नव्हे, असे कोणी म्हणेल. तथापि अकोल्यास शिकून मॅट्रिक झालेल्या आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, ते 1883 साली प्रसिद्ध झाले. देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' रचले. शिरवाडकरांनी 1954 साली 'मॅक्बेथ'चा 'राजमुकुट' केला. आणि 1970 साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या 'नटसम्राट'मध्ये 'लिअर'च्या दुःखाची छाया कोणास दिसत नाही? मराठी माणसाने हा ठेवा केव्हाच घरात आणला आहे. आपल्याच मुलांनी दारात का उभे राहावे?

परीक्षा बुडवा, असे आमचे म्हणणे नाही. गुण हवेतच; त्यांवाचून पुढील दारे उघडत नाहीत. परंतु पाठ केलेले रसग्रहण निकालापर्यंत टिकते, आणि तोंडी बसलेली कविता जन्मभर.

म्हणून एकच विनंती. रोज रात्री पंधरा मिनिटे मुलास इंग्रजी कविता मोठ्याने वाचावयास सांगा आणि आपण समोर बसून ऐका. इंग्रजी येत नसले तरी मूल अडखळते कोठे आणि रंगते कोठे, हे आईबापांच्या कानांस कळते. मंडळानेही पुढील संमेलनात सत्कारासोबत मुलांच्या एका नाट्यप्रवेशास अर्धा तास द्यावा. गुणपत्रिकेचे कौतुक आपण दरवर्षी करतो. एकदा त्यांचा आवाजही ऐकू या.