जपमाळ कुणाच्या हातासाठी?



आपल्या सभेत जपमाळेवर बोलायचं म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. कोकणातून आणि देशावरून जे शर्तबंद मजूर म्हणून मॉरिशसला गेले, त्यांची बहुतेक घरं हिंदूच राहिली. पण पुढे काही घरं ख्रिस्ती झाली, काहींशी लग्नसंबंध जुळले, आणि कॅनडात आल्यावर तर एकाच घरात गणपतीची आरती आणि मरियामातेची माळ दोन्ही असतात. या माळेला घरात कुणी शाप्ले म्हणतं, कुणी रोझरी. आज आम्ही तिला जपमाळ म्हणू. आमच्या गटातल्या बायका गेली काही वर्षं अशा माळा हातानं ओवतात, जुन्या दुरुस्त करतात. त्यात जे शिकलो, बरंचसं चुकून, ते सांगायला आम्ही उभ्या आहोत.

सुरुवातीची चूक आधी सांगतो. आमच्यातल्या एका मावशींच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला आम्ही माळ केली. काचेचे निळे मणी, चांदीची तार, मधोमध कोरीव पदक. सगळ्यांनी वाहवा केली. सहा महिन्यांनी भेटायला गेलो तेव्हा माळ कपाटावरच्या काचेच्या डबीत होती आणि मावशी बोटांवर मोजत प्रार्थना करत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "बाय, फार सुंदर आहे ग, पण मणी सुटतात बोटांतून, आणि एक संपून दुसरा कधी आला ते कळत नाही." संधिवाताची बोटं. आम्ही मणी डोळ्यांनी निवडले होते. त्या दिवसापासून ज्यांच्यासाठी माळ करायची त्यांचा हात आधी हातात घेतो, मगच मणी काढतो.

ज्यांना माळेची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीच्या माळेत 59 मणी. गोलात दहा-दहाचे पाच संच, म्हणजे पाच दशकं, आणि दोन दशकांमध्ये एकेक वेगळा मणी. खाली लोंबणाऱ्या भागात पाच मणी आणि क्रूस. 53 मण्यांवर 'नमो मरिया', सहांवर स्वर्गीय पित्याची प्रार्थना. आपल्या तुळशीच्या किंवा रुद्राक्षाच्या माळेत 108 मणी आणि एक मेरुमणी असतो. दोन्हीकडे काम एकच: मोजणी बोटांवर सोपवायची आणि मन मोकळं करायचं. इंग्रजीतला 'बीड' हा शब्दसुद्धा मुळात 'प्रार्थना' या अर्थाचा आहे. प्रार्थना मोजायच्या गोळीला तो नंतर चिकटला.

म्हणून मोठे मणी बोटाला वेगळे लागलेच पाहिजेत, नुसता रंग वेगळा असून भागत नाही. अंधारात, डोळे मिटून किंवा मोतीबिंदू असताना रंगाचा काय उपयोग? आम्ही लहान मणी आठ मिलिमीटरचे घेतो, मोठे दहाचे, आणि मोठ्या मण्याच्या दोन्ही बाजूंना गाठ मारून थोडी जागा सोडतो. तरुण हाताला सहा आणि आठ चालतात.

आता मणी कशाचे? काच थंड, जड आणि निसटती. मोती आणि शिंपला देखणे, पण लग्नाच्या दिवसापुरते. लाकूड आम्हाला सर्वांत आवडतं. पुष्कळजण विचारतात, मॉरिशसच्या काळ्या एबनीचे मणी मिळतील का? आम्ही नाही म्हणतो. डच लोकांनी सतराव्या शतकात ती जंगलं तोडायला सुरुवात केली, आता जी झाडं उरली आहेत ती राहू द्यावीत. त्याऐवजी इथलं मेपल घ्या. फिकट, घट्ट, हाताच्या तेलानं वर्षभरात मधासारखं होतं. मात्र इथल्या हिवाळ्यात घरातल्या हीटरनं हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं. मण्यांवर जाड वार्निश असेल तर ते तडकतं; नुसता तेलाचा हात दिलेला मणी टिकतो.

आमचा खरा जीव रानजोंधळ्यात अडकला आहे. मक्याच्या कुळातलं हे गवत. फ्रेंचमध्ये त्याच्या मण्यांना 'ईयोबाचे अश्रू' म्हणतात, इंग्रजीतही तेच नाव. उष्ण प्रदेशात ओढ्याकाठी, पाणथळ जागी ते आपसूक वाढतं. त्याचा पांढुरका-राखाडी टणक मणी निसर्गानंच भोकासकट घडवलेला असतो; आतला देठाचा काडीसारखा भाग सुईनं ओढून काढला की ओवायला तयार. ना सोनार लागतो, ना यंत्र, ना पैसा. जगात जिथे जिथे गरीब भाविक आहेत तिथे या मण्यांच्या माळा झाल्या आहेत. आमच्यापैकी एकीनं इथे ऑन्टारियोत मार्चमध्ये घरात कुंडीत पेरून उन्हाळ्यात बाहेर लावून पाहिला. थंडी पडण्याआधी जेमतेम एका दशकाचे मणी पिकले. त्या दहा मण्यांची आम्ही काय मिरवणूक काढली म्हणून सांगू! एक सूचना: नवे मणी डबीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, कीड असली तर मरते. आणि परदेशातून बिया आणत असाल तर विमानतळावर जाहीर करा. लपवून आणू नका.

दुसऱ्या एका बीबद्दल मात्र हात जोडून सांगतो. गुंज. लाल, काळा ठिपका असलेली, सोनाराच्या तराजूतली. तिच्या शास्त्रीय नावातच 'प्रार्थनेची' असा अर्थ आहे, इतक्या माळा तिच्या झाल्या. घरोघरी आजीच्या डबीत ती असते आणि नातवंडांना वाटतं, हीच ओवूया. गुंजेच्या आत जहाल विष असतं. अखंड बीचं कवच कठीण असतं, पण ओवायला भोक पाडलं की ते कवच फुटतं. अशी माळ तान्ह्या बाळाच्या तोंडात जाऊ शकते. ती आठवण म्हणून बंद बाटलीत ठेवा, तिला सुई लावू नका. या बाबतीत आम्ही कुणाचंही ऐकत नाही.

दोरा की तार? तारेची कडी जोडलेली माळ दिसते छान, पण लोकरी हातमोज्यात आणि शालीत अडकते, एक कडी उघडली की मणी बसभर. आम्ही जाड विणलेला नायलॉनचा दोरा वापरतो, प्रत्येक गाठीला तीन वेढे देतो आणि टोक मेणबत्तीवर हलकेच वितळवतो. दोऱ्याची माळ घरातलं कुणीही दुरुस्त करू शकतं, हा तिचा मोठा गुण. उणे वीसमध्ये बसची वाट पाहणाऱ्यांसाठी एकाच दशकाची छोटी माळ करतो, हातमोज्यात मावते. ही युक्ती आमची नाही. आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर निर्बंध होते त्या काळात लोक एका दशकाची माळ बाहीत लपवून ठेवत.

क्यूबेकमधल्या मंडळींना कॅप-द-ला-मादलेनचं देवस्थान माहीत आहे. 1879 च्या हिवाळ्यात तिथे नवं चर्च बांधायला दगड नदीपलीकडून आणायचे होते, आणि सेंट लॉरेन्स नदी गोठतच नव्हती. फादर ल्युक देझिले यांच्या गावकऱ्यांनी माळ जपली. मार्चमध्ये बर्फ धरला, माणसांनी त्यावर पाणी ओतून तो जाड केला आणि घसरगाड्यांवरून दगड आणले. त्या वाटेला 'जपमाळांचा पूल' म्हणतात. आम्हाला त्यात चमत्काराइतकंच ते पाणी ओतणंही आवडतं. त्याहून जुनी गोष्ट क्यूबेकजवळच्या लोरेतच्या ह्युरॉन लोकांची. त्यांनी 1678 मध्ये फ्रान्समधल्या शार्त्रच्या मरियामातेला नवसाचा पट्टा पाठवला, तो आपल्याच शिंपल्यांच्या मण्यांचा, आपल्याच पद्धतीनं विणलेला. युरोपातल्या मण्यांची वाट त्यांनी पाहिली नाही.

हे उदाहरण गेल्या वर्षी आमच्यावरच उलटलं. एक मुलगी आजीची तुटलेली तुळशीची माळ घेऊन आली. आजी माळकरी, आई कॅथलिक. तिला त्या 108 मण्यांतून 59 मण्यांची जपमाळ हवी होती. "दोघी एकत्र येतील," म्हणाली. आमच्यात दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, लाकूडच ते, आणि श्रद्धा दोन्हीकडची. काहीजणी म्हणाल्या, तुळशीची माळ ही गळ्यात घेतलेलं व्रत आहे. आजीला विचारता येत नाही, तेव्हा तिचं व्रत आपण मोडायचं नाही. आणि उरलेल्या 49 मण्यांचं काय करायचं? शेवटी तुळशीची माळ जशीच्या तशी नव्या सुती दोऱ्यात ओवून दिली आणि मेपलची जपमाळ वेगळी केली. मुलगी दोन्ही एका डबीत ठेवते. ती मनातून खूश होती असं म्हणवत नाही. आमच्यातल्या एकीला अजून वाटतं की आम्ही तिला नाही म्हणायला नको होतं, आणि आज ती इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे, तिनं मान हलवली ती तुम्ही पाहिलीत.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, सात तारखेला सण. त्याआधी तुमच्या घरच्या तुटक्या माळा आमच्याकडे आणा. सगळे मणी आणा, टवका उडालेलेही. धुऊ नका, वर्षानुवर्षांच्या हातांनी चढलेली झिलई साबणानं जाते. मोबदला घेत नाही. माळ हातात दिल्यावर आशीर्वाद तुम्ही आपापल्या फादरकडून घ्या. आणि ज्यांची माळ आहे ते आजी-आजोबा चालू-फिरू शकत असतील तर त्यांनाही बरोबर आणा, आम्हाला त्यांची बोटं पाहायची असतात.