फ्रीजरमधलं शहर

चित्र म्हटलं की आपल्याला डोंगर, नदी, नऊवारीतली बाई आठवते. आज ज्या चित्रकर्तीबद्दल मी बोलणार आहे, त्यांना मात्र विषय सापडला तो घरातल्या फ्रीजमध्ये. त्यांचं नाव प्राजक्ता पोटनीस. जन्म १९८० चा, ठाण्याचा. शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये.

घराच्या भिंती, त्यांची ओल, सुटलेले पोपडे हे त्यांचे सुरुवातीचे विषय. पुढे 'कॅप्सूल' या मालिकेत त्यांनी फ्रीजरच्या आतली छायाचित्रं केली. एका छायाचित्रात त्या बर्फात चक्क सरकता जिना दिसतो. मॉल स्वयंपाकघरात शिरला, की स्वयंपाकघरच मॉल झालं, असा प्रश्न पडतो.

२०१४ साली बर्लिनमध्ये त्यांनी 'किचन डिबेट' या नावाने काम मांडलं. या नावामागे इतिहास आहे. १९५९ साली मॉस्कोत अमेरिकेचं प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या नमुन्याच्या स्वयंपाकघरात उभे राहून निक्सन आणि ख्रुश्चेव्ह यांनी वाद घातला. कपडे धुण्याचं यंत्र कोणाच्या घरी आहे, यावरून कोणाची व्यवस्था चांगली ते ठरत होतं!

आपल्या खानदेशात हा वाद कोणी घातला नाही. फ्रीज हप्त्यांवर मुकाट्याने घरात आला. त्याला दोष देऊन चालणार नाही. जळगाव-धुळ्याच्या पंचेचाळीस अंशांत सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत टिकवणं बाईच्याच जिवावर यायचं.

पण आणखीही काही बदललं. पूर्वी उरलेलं टिकत नसे, म्हणून वाटी शेजारी जायची. भरीत जायचं, दिवाळीची चकली जायची, ईदचा शीरखुर्मा जायचा. आणि रिकामी वाटी परत पाठवू नये, अशी रीत होती. बकरी ईदला कुर्बानीचे तीन वाटे होतात : घरचा, नातेवाइकांचा, गरिबांचा. वाटे आजही तीनच आहेत. मात्र घरचा वाटा आता कितीही दिवस थांबू शकतो, आणि मोह तिथेच सुरू होतो.

शहर बदलतं ते फक्त गोलाणी मार्केटमध्ये किंवा आग्रा रोडवर नव्हे. ते दोन घरांमधल्या भिंतीपाशीही बदलतं. पोटनीसांची चित्रं मला तिथे नेतात. आपलं केळं फ्रीजमध्ये काळं पडतं, हे रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको. काही गोष्टी बाहेरच राहू द्याव्यात, वेळेत वाटून टाकाव्यात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)