मर्यादवेलीच्या अलीकडे

समुद्रकाठी विहारधामाचे बांधकाम सुरू झाले म्हणजे जाणारा-येणारा मजले मोजतो. पाया भरला, खांब उभे राहिले, स्लॅब पडला. काम झपाट्याने पुढे चालले असे तो समजतो. परंतु वाळूवरील कामाची प्रगती केवळ उंचीने मोजता येत नाही. ते भरतीच्या रेषेपासून किती मागे राहिले, हे प्रथम पाहावे लागते.

ही रेषा निसर्गानेही आखून ठेवली आहे. आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची, जांभळ्या फुलांची एक वेल किनाऱ्यावर पसरते. मराठीत तिला मर्यादवेल म्हणतात. वाऱ्याने उडणारी वाळू ती अडविते आणि त्या वाळूच्या टेकड्या बनतात. पावसाळ्यातील लाटा या साठ्यातून वाळू ओढून नेतात आणि समुद्र शांत झाला की बरीचशी परत आणून टाकतात. खोलीतून समुद्र दिसावा म्हणून टेकडी सपाट केली, तर देवघेवीचे हे भांडवलच नाहीसे होते.

काँक्रीटचा शत्रू मीठ. खारी हवा भेगांतून सळईपर्यंत पोहोचली की लोखंड गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटला फोडून बाहेर येते. म्हणून खाऱ्या हवेत उघड्या राहणाऱ्या भागात सळईवर ४५ मिलिमीटर आणि लाटांचे तुषार जेथे उडतात तेथे ५० मिलिमीटर आवरण असावे, असे भारतीय मानक सांगते. रंग चढल्यावर हे आवरण कोणाला दिसत नाही. त्याची परीक्षा पुढे अनेक पावसाळे घेतात.

पाण्याचा हिशेब याहून नाजूक आहे. किनाऱ्याच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर एक मीटर गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर असते. म्हणूनच वरची पातळी थोडी उतरली तरी खारे पाणी पुष्कळ वर चढते. तरणतलावासाठी आणि बागेसाठी पंप अहोरात्र चालू लागला, तर शेजारच्या गावाची विहीर मचूळ होण्यास वेळ लागत नाही.

गोव्यात अग्वादच्या किल्ल्यालगत, सिकेरीच्या किनाऱ्यावर १९७४ साली मोठे विहारधाम उभे राहिले, तेव्हा या बाबतीत आजच्यासारखे नियम नव्हते. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा, असे तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने त्याला कायद्याचे बळ दिले. ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरांत विहारधामाला मज्जाव झाला. त्यापुढे ५०० मीटरपर्यंत परवानगीने बांधता येई, पण उंची ९ मीटर आणि मजले दोनच. २०१९ च्या अधिसूचनेने मात्र दाट वस्तीच्या ग्रामीण भागांसाठी ही २०० मीटरांची मर्यादा ५० मीटरांवर आणली.

१९९१ च्या त्याच नियमांत आणखी एक अट होती. लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून दोन विहारधामांमध्ये निदान २० मीटर रुंद वाट सोडावी. तिचे मोल रापणकार जाणतो. रापणीचे लांबलचक जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडतात आणि दोन्ही टोकांना माणसे लागून ते वाळूवर ओढतात. त्यासाठी मोकळा किनारा हवा, होडी ठेवण्यास जागा हवी, मासळी नेण्यास वाट हवी. कुंपण समुद्रापर्यंत पोहोचले की नोकऱ्या थोड्यांना मिळतात आणि वहिवाट साऱ्या गावाची जाते.

विहारधामे रोजगार देतात, गावात पैसा आणतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पाहुणा येतो तो स्वच्छ वाळू, गोडे पाणी आणि मोकळी लाट यांसाठी. तीच गेल्यावर रिकाम्या खोल्यांचे काय करावयाचे? म्हणून ‘काम कोठवर आले?’ असे विचारणाऱ्याने मजल्यांबरोबर चार गोष्टी विचाराव्यात : टेकडी शाबूत आहे काय, सळईवर आवरण पुरेसे आहे काय, शेजारची विहीर गोडी आहे काय आणि रापणकाराची वाट उघडी आहे काय. चारांचेही उत्तर होकारार्थी असेल, तरच काम पुढे गेले म्हणावे.