वीज गेली तरी कार्ड शाबूत
रास्पबेरी पायसारख्या छोट्या लिनक्स यंत्राची वीज अचानक गेली, की कधीकधी एसडी कार्डवरची फाइल सिस्टिम बिघडते आणि यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. ‘एक्स्ट-४’ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही असते की, असं कुणी म्हणेल. पण ती सहसा फाइलींचा हिशेब सांभाळते, आतला मजकूर नव्हे. शिवाय कार्डातला कंट्रोलर पडद्याआड स्वतःचाच कारभार हाकतो. फ्लॅशमध्ये जागच्या जागी खोडून लिहिता येत नाही, अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. त्या हलवाहलवीत वीज गेली, तर कुणी हातही न लावलेली फाइलही गमावली जाऊ शकते. तेव्हा मुळात लिहिणंच कमी करावं. मुख्य पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं ठेवावं आणि बदल ओव्हरलेएफएसने रॅममध्ये घ्यावेत. ही सोय २०१४पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे.

मग रीस्टार्ट केल्यावर यंत्राने ठेवलेल्या नोंदी पुसल्या जातील, ही तक्रार रास्तच. त्यांना वेगळं पार्टिशन द्यावं; खरं तर वेगळं कार्डच, कारण पार्टिशनं दोन केली तरी कंट्रोलर एकच. सेटिंग बदलताना नव्या फाइलीत लिहावं, एफसिंक करून ते खरंच कार्डवर उतरवावं, मगच रिनेम करून तिला जुन्या फाइलीचं नाव द्यावं. म्हणजे जुनी किंवा नवी, एक प्रत धड राहते. काही स्वस्त कार्डं मात्र न लिहिताच ‘झालं’ सांगून मोकळी होतात.