जांगड माल आणि गोंदियाचा विक्रेता

“एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं” ही पाटी ज्यानें कधीं वाचली नाहीं असा गृहस्थ महाराष्ट्रांत विरळा. पावतीच्या तळाशीं बारीक अक्षरांत म्हणा, गल्ल्यामागें लक्ष्मीच्या तसबिरीशेजारीं म्हणा, कोठें ना कोठें ती असावयाचीच. गिऱ्हाइकानें माल हातांत घ्यावा, उजेडांत धरून पाहावा, हवी तितकी घासाघीस करावी. पैसे मोजले कीं मात्र व्यवहार मिटला, असा त्या पाटीचा अर्थ. ती पाटी आतां कायद्यानें निकामी केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें सदोष माल पावतींत लिहिलेल्या मुदतींत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्याचें नाकारणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. हें योग्यच झालें, आणि सचोटीच्या दुकानदारानें त्याबद्दल दुःख करण्याचें कारण नाहीं.

परंतु मोबाइलच्या पडद्यावर जो नवा बाजार भरूं लागला आहे, त्यानें ती पाटी नुसती उतरविली नाहीं. उलटी करून टांगली. तेथें माल सदोष असण्याचेंहि कारण उरलें नाहीं. रंग चित्रांतल्यासारखा दिसला नाहीं, माप बसलें नाहीं, सासूबाईंना पसंत पडलें नाहीं, किंवा पार्सल दारीं येईपर्यंत घेण्याची इच्छाच मावळली, तरी अनेक प्रकारचा माल ठराविक दिवसांत परत जाऊं शकतो. शहरांतल्या घरांना ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे कीं दोन मापांचे सदरे मागवावे आणि बसेल तो ठेवून दुसरा परत पाठवावा, ह्यांत कोणाला कांहीं वावगें वाटत नाहीं. तो दुसरा सदरा जातो कोठें, आणि त्याच्या येण्याजाण्याचें भाडें कोणाच्या खिशांतून जातें, हा प्रश्न घरांत सहसा निघत नाहीं.

ह्या प्रकारच्या व्यवहाराला आपल्या व्यापाऱ्यांच्या बोलींत एक जुना शब्द आहे: जांगड. पसंतीवर, परत करण्याच्या बोलीनें दिलेला माल तो जांगड माल. सराफानें ओळखीच्या घरीं दोन दागिने पाठवावे, घरच्या मंडळींनीं एक ठेवून घ्यावा, एक परत करावा, हा रिवाज सर्वांच्या परिचयाचा आहे. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यानेंहि ह्या रिवाजाला जागा दिली आहे. पसंतीवर दिलेला माल घेणाऱ्यानें ‘पसंत’ म्हणून कळविलें, अथवा ठरलेली मुदत उलटूनहि तो नापसंतीचा निरोप न देतां ठेवून घेतला, म्हणजेच त्या मालावरची मालकी बदलते, असें त्याचें चोविसावें कलम सांगतें. तेव्हां ‘पसंत नसल्यास परत’ हा कांहीं परदेशांतून आलेला चमत्कार नव्हे. फरक आहे तो निराळ्याच ठिकाणीं. जांगडींत देणाराघेणारा एकमेकांस ओळखत असत. माल चार गल्ल्यांपलीकडे गेलेला असे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, कोणाला जांगड द्यावयाची आणि कोणाला नाहीं, हें दुकानदार स्वतः ठरवीत असे. ऑनलाइन बाजारपेठेंत ह्या तिन्ही गोष्टी नाहींत. परतीची अट ठरवितो तिसराच. माल त्याचा नाहीं, घर त्याचें नाहीं, आणि परतीचा तोटाहि बहुतांशीं त्याचा नाहीं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें म्हणतात तें हेंच.

टपालानें माल मागविण्याची रीतहि नवी नव्हे. टपाल खात्यानें १८७७ सालीं व्ही. पी. ची सोय सुरू केली, आणि पुढें पुस्तकें, औषधें, मासिकांच्या वर्गण्या ह्यांचा पुष्कळसा व्यवहार तिच्यावर चालला. माल मागवून व्ही. पी. न सोडविणारे महाभाग तेव्हांहि होतेच, आणि त्यांचा जाच लहान प्रकाशकांना चांगलाच होई. मात्र व्ही. पी. पाठवावी कीं आधीं पैसे मागावे हें पाठविणाऱ्याच्या हातीं होतें. फ्लिपकार्टनें २०१० मध्यें ‘माल हातीं पडल्यावर पैसे’ ही पद्धत ऑनलाइन व्यापारांत आणली. अमेझॉननें २०१३ मध्यें भारतांत आपली बाजारपेठ उघडली. आणि पाहतां पाहतां परतीची ढिलाई ही गिऱ्हाईक ओढण्याच्या चढाओढींतलें हत्यार बनली.

आतां ह्या चढाओढीकडे गोंदियाहून पाहिलें तर ती कशी दिसते? हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. महाराष्ट्राचा हा ईशान्य कोपरा. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. धानाची शेती, भाताच्या गिरण्या, जुने तलाव, नवेगांव-नागझिऱ्याचें रान आणि घरोघरची विडी, ही त्याची ओळख. गोंदिया हें हावडा-मुंबई लोहमार्गावरचें मोठें जंक्शन असल्यामुळें माल बाहेर पाठविणें ह्या गांवाला अपरिचित नाहीं. तांदूळ आणि विडी येथून दूरदूरच्या मुलखांत गेली, ती व्यापाऱ्यांच्या हातून, वाघिणींनीं आणि पेट्यांनीं. ज्या बाईजवळ दहाच ओढण्या आहेत, किंवा ज्या बचत गटाकडे दोन पोतीं सुवासिक तांदूळ आहेत, तिला व त्याला मुंबई-बंगळूरचें गिऱ्हाईक पूर्वीं दिसतहि नव्हतें. ऑनलाइन बाजारपेठेनें तें दाखविलें. हें तिचें मोठें ऋण आहे आणि तें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

पण ह्या मुलखांतला माल कोणत्या जातीचा आहे हेंहि लक्षांत घ्यावयास पाहिजे. ऐनाच्या झाडांवर पोसलेल्या कोशांचें जें रेशीम, त्याला विदर्भांत कोसा म्हणतात. कोसाळें गोळा होतें गोंदिया-भंडाऱ्याच्या रानांत, आणि विणकाम होतें शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत आंधळगांवसारख्या ठिकाणीं. कोशाचा रंग झाडावर, ऋतूवर, कोशाच्या वाणावर अवलंबून असतो. एका खेपेचा सूत मधासारखा निघतो, दुसऱ्या खेपेचा राखेकडे झुकतो. धाग्यांत गांठ असते, जाडपणा कमीअधिक असतो. जाणकार गिऱ्हाईक ह्याच खुणांवरून अस्सल कोसा ओळखतो. ज्यानें यंत्रावरचें गुळगुळीत कापडच पाहिलें आहे, त्याला मात्र हाच दोष वाटतो, आणि परतीच्या अर्जांत ‘चित्राप्रमाणें नाहीं’ ह्या शब्दांवर बोट ठेवलें कीं काम भागतें. तांदळाची गत आणखी वेगळी. खाण्याचे पदार्थ बहुधा परत घेतले जात नाहींत, आणि ते योग्यच. परंतु पिशवी फाटल्याची तक्रार मान्य झाली तर गिऱ्हाइकाला पैसे परत मिळतात आणि विक्रेत्याचे तांदूळहि गेलेले असतात व पैसेहि.

हिशेब मांडून पाहावा. समजा, एक ओढणी सहाशे रुपयांस विकली. तिची घरांतली किंमत ४२० रुपये, कमिशन, वेष्टन, पाठवणी मिळून ११० रुपये, उरले ७०. तीच ओढणी परत आली तर कमिशन माफ होऊनहि जाण्याचें व येण्याचें भाडें आणि वाया गेलेलें वेष्टन मिळून १४० रुपये अंगावर पडले, असें धरूं. म्हणजे एका परतीनें दोन विक्रींचा नफा खाल्ला. दहांतल्या दोन परत आल्या तर आठांचा नफा ५६० रुपये, त्यांतून २८० गेले, निम्मा उरला. आणि त्या दोहोंतली एक जर डाग पडून, घडी मोडून, अत्तराचा वास घेऊन आली, तर तिचे ४२० रुपयेहि गेले. दहा ओढण्या विकून विक्रेती १४० रुपयांच्या तोट्यांत! हे आंकडे उदाहरणापुरते आहेत, पण व्यवहाराचा सांगाडा हाच आहे. ज्या पेढीच्या रोज हजारों वस्तू विकल्या जातात तिला परतीचें प्रमाण आधींच कळतें आणि ती तें किंमतींत मिसळून टाकते. विमेवाल्याला एकादें घर जळाल्याचें काय? जिच्या महिन्याला दहा वस्तू जातात तिला मात्र प्रत्येक परत ही एक आगच असते. शिवाय मोठ्यांचा माल बाजारपेठेच्याच गोदामांत, गिऱ्हाइकाच्या जवळच्या शहरांत ठेवलेला असतो. तो परत आला तरी जवळच येतो. गोंदियाची ओढणी आसामांतून परत यावयाची तर तिला अर्धा देश ओलांडावा लागतो, आणि दिवाळीसाठीं पाठविलेला माल घरीं पोचतो तोंवर तुळशीचें लग्न लागून गेलेलें असतें. तेवढे दिवस तिचें भांडवल खोक्यांत बंद.

खोक्यांत काय असेल ह्याचाहि भरवसा नाहीं. नव्या साडीऐवजीं जुनी साडी, दोनांऐवजीं एक नग, क्वचित् नुसताच कागद, असे प्रकार विक्रेत्यांच्या तोंडून ठिकठिकाणीं ऐकूं येतात. लग्नांत एकदां नेसून परत पाठविलेल्या साड्या तर इतक्या कीं त्यांची नवलाईच उरली नाहीं. अशा वेळीं दावा करण्याची सोय बाजारपेठांनीं ठेवली आहे. पण त्यासाठीं माल बांधतांना आणि परत आलेलें खोकें उघडतांना चित्रफीत घेणें विक्रेत्यास भाग पडतें, ठराविक दिवसांत अर्ज करावा लागतो, आणि निर्णय देणाराचें तोंड कधीं दिसत नाहीं. परतीचें प्रमाण वाढलें कीं यादींतलें स्थानहि खालीं जातें. म्हणजे दुसऱ्याच्या लबाडीची शिक्षा पुन्हां हिलाच!

ह्याची दुसरी बाजू सांगितली नाहीं तर अन्याय होईल. विक्रेते सगळेच भोळे नाहींत. पडद्यावर रेशीम दाखवून नायलॉन पाठविणारे, नामांकित छापाची नक्कल खपविणारे, ह्यांनींच ग्राहकाचा विश्वास उडविला आणि परतीची उदार अट ही त्या अविश्वासावरची उतारा-पुडी म्हणून आली. २३ जुलै २०२० रोजीं निघालेल्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांनीं विक्रेत्यावर स्पष्ट बंधन घातलें आहे: माल सदोष असेल, नकली असेल, जाहिरातींतल्या वर्णनाप्रमाणें नसेल, किंवा दिलेल्या वेळेनंतर पोचला असेल, तर तो परत घेतलाच पाहिजे, उशीर दैवी आपत्तीमुळें झाला असेल तरच ह्यांतून सुटका. पण ह्याच नियमांत ‘मन बदललें’ हें कारण नाहीं. ती भर कायद्याची नव्हे, बाजारपेठांच्या आपसांतल्या स्पर्धेची. तिचा खर्च विक्रेत्यावर टाकण्याची सक्ति कोणत्याहि कायद्यानें केलेली नाहीं.

इतर देशांत काय चालतें? युरोपीय संघांत दुरून घेतलेला माल चौदा दिवसांत कारण न सांगतां परत करण्याचा ग्राहकाला हक्क आहे. मात्र परतीचें भाडें विक्रेत्यानें आपण होऊन पत्करलें नसेल तर ग्राहकानेंच सोसावयाचें, आणि माल पारखण्यापलीकडे वापरून त्याची किंमत घटविली तर तीहि त्यानेंच भरून द्यावयाची. शिवाय जुलै २०२० पासून तेथील बाजारपेठांना विक्रेत्यांवरच्या अटी बदलतांना निदान पंधरा दिवस आधीं कळवावें लागतें. चीनमध्यें २०१४ पासून सात दिवसांच्या परतीचा हक्क कायद्यांत आला. पुढें तेथल्या बाजारपेठांनीं माल परत न घेतांच पैसे परत देण्याची प्रथा पाडली. लहान पुरवठादारांचा कोंडमारा इतका झाला कीं जुलै २०२४ मध्यें शेंकडों जण दंड आणि कपातीविरुद्ध ग्वांगझौ येथें टेमू कंपनीच्या कचेरीवर चालून गेले. एप्रिल २०२५ मध्यें मोठ्या चिनी बाजारपेठा ती प्रथा मागें घेत असल्याच्या बातम्या आल्या.

परंतु गोंदियाला इतक्या दूरचा दाखला शोधावयास नको. विडीच्या धंद्यांत ‘छाट’ हा शब्द येथें लहान पोरालाहि कळतो. बाई घरीं बसून तेंदूच्या पानांत तंबाखू वळते, ठेकेदाराकडे विड्या मोजून देते, आणि तो त्यांतल्या कांहीं खराब म्हणून बाजूला काढतो, ती छाट. तिची मजुरी मिळत नाहीं. विडी खरोखर खराब होती कीं नाहीं, हें ठरविणारा आणि पैसे वांचविणारा माणूस एकच, हें त्या तंट्याचें मूळ. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानें तें ओळखलें. कच्चा माल देण्याघेण्याचा तंटा, विड्या नाकारण्याचा तंटा आणि नाकारलेल्या विड्यांच्या मजुरीचा तंटा, हे तिन्ही राज्य सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्यानें थोडक्या रीतीनें मिटवावे, अशी तरतूद, तो कायदा २०२५ मध्यें रद्द होईपर्यंत, त्याच्या एकोणचाळिसाव्या कलमांत होती. त्या तरतुदीचा लाभ प्रत्येक विडीवालीच्या पदरांत पडला असें कोणी म्हणणार नाहीं. पण नाकारणारा आणि न्याय देणारा हे दोन निराळे असावे, एवढें तरी कागदावर आलें.

त्याच विडीवालीची मुलगी आज मोबाइलवरून ओढण्या विकूं लागली, तर परत आलेल्या ओढणीविषयींचा तिचा अर्ज त्याच कंपनीकडे जातो, जिनें परत मान्य केली. उत्तर पटलें नाहीं, तर करारनाम्यांत लिहिलेलें न्यायालय बहुधा बंगळूरचें किंवा दिल्लीचें असतें. आणि सहाशे रुपयांच्या ओढणीसाठीं गोंदियाहून तेवढा प्रवास कोणी करीत नाहीं.