श्वासाची राखण

(पिरंगुट येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



७ जून २०२१ रोजी पिरंगुटजवळच्या उरवडे येथील रासायनिक कारखान्यात आग लागली आणि १७ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत १५ स्त्रिया होत्या. अतिदक्षता विभागाचा दरवाजा गाठण्याइतकाही अवधी त्यांना मिळाला नाही. जेथे असा धोका कामगाराच्या सोबत रोज पाळीवर येतो, तेथे गंभीर रुग्णाची शुश्रूषा हा केवळ वैद्यकाचा विषय राहत नाही.

अतिदक्षता विभाग म्हणजे यंत्रांची खोली, असा समज रूढ आहे. इतिहास वेगळेच सांगतो. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना यंत्रे पुरेनात. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेस छिद्र पाडून, तीत नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबीत हवा देण्याचा मार्ग अवलंबिला. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी रात्रंदिवस पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. पुढच्याच वर्षी त्या शहरात अतिदक्षता विभागाचा पाया घातला गेला. तो पाया मानवी हातांचा होता.

आजही तत्त्व तेच आहे. मॉनिटर नाडी, रक्तदाब व रक्तातील प्राणवायू दाखवितो. व्हेंटिलेटर फुप्फुसांना हवा पुरवितो. ही साधने रोग बरा करीत नाहीत. उपचार लागू पडेपर्यंत शरीराला अवधी मिळवून देतात. त्या अवधीची राखण परिचारिका करते. नळीतला कफ काढणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणे, लघवीचे माप ठेवणे, प्रत्येक स्पर्शापूर्वी हात धुणे, ही कामे दिसायला साधी. पण त्यांत चूक झाली तर जंतुसंसर्ग रुग्णाचा बळी घेतो. म्हणूनच व्हेंटिलेटरवरील प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा दंडक आहे. खाटा वाढवायच्या आणि परिचारिकांची भरती टाळायची, ही निव्वळ फसवणूक होय.

दक्षता ढळली की काय होते, हे महाराष्ट्राने २०२१ मध्येच पाहिले. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागालाच आग लागली.

पिरंगुटहून चांदणी चौकमार्गे पुणे गाठणाऱ्या कामगाराच्या आप्तांपुढे अनेकदा पहिला प्रश्न उभा राहतो तो अनामत रकमेचा. त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावयाच्या आहेत. तातडीच्या प्रसंगी अनामत न मागता रुग्णास दाखल करून घेणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. हे दान नव्हे, करसवलतींच्या बदल्यातले देणे आहे. प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर कार्यकर्त्यांनी ही माहिती पोहोचवावी. कारण रुग्ण दारात असताना कायदा शोधायला वेळ नसतो.